खारूची डावी बाजू

२ मार्च

नवी वही आहे, म्हणून आधी ओळख लिहून ठेवते. खारू म्हणजे ग्रंथालयात काम करणारी माझी मैत्रीण. दर खिशात शेंगदाणे लपवते म्हणून हे नाव मीच ठेवलंय. ती मला सुई म्हणते. मी ताडपत्र्या, तंबू आणि दुकानांवरची छपरं शिवते म्हणून, आणि तिच्या मते मी बोलते तेव्हा टोचते म्हणूनही. एकोणीस वर्षं आम्ही दोघी समुद्रात कयाक वल्हवतोय. उत्तरेच्या बंदरापासून दक्षिणेच्या दीपगृहापर्यंत, तीनशे दहा किलोमीटर, सगळा कड्यांचा किनारा. ही मोहीम आम्ही पाच वर्षं घोकतोय. यंदा निघायचंच.

आज कापायच्या टेबलावर नकाशा पसरला. मी छत्र्यांचं कापड बाजूला सारलं, कोपऱ्यांवर कात्री, इस्त्री आणि खडूचा डबा ठेवला. पहिला मुक्काम, दुसरा मुक्काम, भरतीच्या वेळा, सगळं ठरत आलं होतं. तेवढ्यात खारू नकाशाकडे बघत म्हणाली, "आपण तिघी जातोय."

मला वाटलं, ती तिच्या नवऱ्याला घेतेय. हसूच आलं. भाऊजींना बादलीत पाय बुडवायची भीती वाटते.

"नाही गं. एक मुलगी आहे. एकतीस वर्षांची. छान वल्हवते."

"कुठे भेटली?"

"दवाखान्यात. ती लोकांचे कान तपासते. ऐकायची यंत्रं बसवते."

कुठला दवाखाना, कशासाठी, मी काही विचारलं नाही. विचारायचं होतं ते वेगळंच होतं. मला न विचारता तू हो कसं म्हणालीस? तेही विचारलं नाही. नकाशाची घडी घातली. चुकीच्या बाजूने घातली गेली, आता तो नीट बसतच नाही.

९ मार्च

कानवाली माप द्यायला आली होती. कयाकमध्ये बसल्यावर कमरेभोवती जो घट्ट पडदा लागतो, होडीच्या तोंडावर ताणून बसवायचा, म्हणजे लाट आत येत नाही, तो आमचा नेहमी मीच शिवते. खारू म्हणाली, हिचाही शीव. शिवते. हात आणि मन यांची खाती माझ्याकडे वेगळी आहेत.

मुलगी वाईट नाही, हेच वाईट आहे. दारात चपला काढल्या, मशीनकडे बघून म्हणाली, "ही जुनी जड मशीनच बरी, नाही का?" आता बरोबर बोलली तर तिचा राग कसा करायचा? कमर बारीक. माझ्या कमरेच्या पडद्यातून उरलेल्या तुकड्यात तिचा अख्खा पडदा निघेल.

जाताना खारू तिला जिन्यापर्यंत सोडायला गेली. दहा मिनिटं. मी घड्याळ बघितलं. परत आली तेव्हा कठडा धरून सावकाश चढत होती. म्हटलं, काय एवढं बोलत होतात? म्हणाली, "काही नाही, कामाचं."

ग्रंथालयवालीचं आणि कानवालीचं काय काम असतं?

१४ मार्च

निघालो. सव्वीस किलोमीटर. पाणी गुळगुळीत, वारा पाठीवर, हवा अशी की कुणालाही कविता व्हावी. मला झाली नाही.

एकोणीस वर्षं माझी जागा ठरलेली आहे, खारूच्या डावीकडे, दोन वल्ह्यांच्या अंतरावर. आज बंदराबाहेर पडल्या पडल्या ती म्हणाली, "सुई, तू उजवीकडे ये. डावीकडे हिला राहू दे."

"का?"

"बोलता येईल आपल्याला."

डावीकडून बोलता येत नव्हतं का इतकी वर्षं? पण समुद्रात भांडू नये हा आमचाच नियम. गेले उजवीकडे. दिवसभर खारू माझ्याशी बोलत होती हे खरं, अगदी पूर्वीसारखं. ग्रंथालयात एक आजोबा रोज येऊन एकाच पुस्तकाचं तेच पान वाचतात, ते सांगितलं. पण मधेच तिची मान हळूच डावीकडे वळे आणि कानवाली नुसती डोळ्यांनी काहीतरी विचारे. खारू मान हलवी. त्यांची एक भाषा आहे. मला ती शिकवलेली नाही.

१५ मार्च

बावीस किलोमीटर. पाठ दुखतेय. लिहिण्यासारखं काही नाही. दोघी पुढे हसत होत्या.

१७ मार्च

कड्याखाली गोट्यांचा छोटा किनारा. दोन तंबू, दोन्ही मी शिवलेले. पहिल्या दिवसापासून खारू कानवालीच्या तंबूत झोपतेय. कारण म्हणे मी घोरते. एकोणीस वर्षं काय मी बासरी वाजवत होते?

सकाळी उठले तर खारू खडकामागे वाकलेली आणि कानवालीचा हात तिच्या पाठीवर. मी जवळ गेल्यावर खारू म्हणाली, काल रात्रीचा भात बाधला. आम्ही तिघींनी एकाच भांड्यातला भात खाल्ला. माझं पोट ठणठणीत.

नंतर होड्या पाण्यात ढकलताना ती उठली आणि आधाराला हात पुढे केला. माझा खांदा हातभर अंतरावर होता. तिने त्या पोरीचा धरला.

एवढ्याशा गोष्टी लिहायची लाज वाटते. पण वही माझी आहे.

१८ मार्च

विश्रांतीचा दिवस. मासेमारीचं लहान बंदर. एक रस्ता, एक बर्फाचा कारखाना, जाळी दुरुस्त करणाऱ्या बायकांची शेड. मी तासभर त्यांच्यात जाऊन बसले. त्यांची गाठ वेगळी असते, शिकून घेतली. बरं वाटलं. हाताला काम असलं की मी माणसात येते.

मग चहाच्या टपरीवर गेलो. टपरीवाली बाई खारूकडे आणि कानवालीकडे बोट करून म्हणाली, "बहिणी का?" खारू हसून म्हणाली, "तशाच." बाईने माझ्याकडे बघितलं. "आणि या?" खारू काही बोलायच्या आत मीच म्हटलं, "मी सामान उचलायला आलेय." टपरीवाली हसली. खारू हसली नाही.

संध्याकाळी धक्क्यावर तिने मला एकटीला गाठलं.

"सुई, हिला पाणी वाचायला शिकव ना. खडकावरून परतणारी लाट, कड्याखालचा वारा, सगळं. ताकद आहे तिच्यात, पण डोळा नाही. तुझ्यासारखा डोळा कुणाचा नाही."

"तू शिकव. तुझी मैत्रीण आहे."

"मला आता..." एवढंच म्हणाली आणि थांबली. मग म्हणाली, "तू चांगली शिकवतेस. मला तूच शिकवलंस."

"तेव्हा मला वेळ होता."

ती धक्क्याच्या साखळीला धरून बराच वेळ उभी राहिली. मला वाटलं रडतेय. डोळे मिटलेले होते फक्त. म्हटलं, नाटकं नकोत, आणि आले निघून.

२० मार्च, दुपारी अडीच

भूशिराच्या पलीकडच्या वाळूवर मी एकटीच बसलेय. वेळ आहे म्हणून लिहिते.

सकाळी भांडण झालं. आजचा टप्पा सगळ्यात अवघड. कडा थेट पाण्यात उतरतो, चार किलोमीटर कुठेही उतरायला जागा नाही, आणि टोकाला दोन्हीकडच्या लाटा एकमेकींवर आदळतात. वारा मध्यम होता. मी म्हटलं, नऊला निघू, ओहोटी साधेल. खारू म्हणाली, "आज थांबूया का? बरं वाटत नाही." लगेच कानवाली, "हो, थांबू."

"थांबायचं कारण काय? उद्या वारा वाढणार आहे."

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. ते बघणं! मला सांगायचं की नाही, याची जणू मतमोजणी चाललीये.

मी म्हटलं, "तुम्ही दोघी ठरवता आणि मला कळवता, असं चाललंय सात दिवस. मी निघाले. यायचं तर या."

खारू म्हणाली, "एकटी जाऊ नकोस. येतो आम्ही."

आल्या. पण मी मागे राहिले नाही की उजवीकडेही राहिले नाही. पुढे काढली होडी. टोकाच्या अलीकडे एकदा मागे बघितलं. पाचेकशे मीटरवर दोघींच्या होड्या अगदी चिकटून होत्या आणि कानवालीने वल्हं उभं धरलं होतं. वल्हं उभं म्हणजे 'इकडे ये'. पण ती फोटोही तसेच काढते, वल्हं उभं धरून, मागे कडा घेऊन. दोघींचा फोटो. गळ्यात गळा. मी तोंड फिरवलं.

टोकाला पाणी उकळत होतं. मी पार केलं. एकटीने. छान केलं.

आता सव्वादोन तास झाले. त्यांना इतका वेळ लागायला नको. बसल्या असतील कुठे कपारीत शेंगदाणे खात, माझी नक्कल करत. खारू माझी नक्कल चांगली करते.

कपारी आहेत का त्या बाजूला? नकाशात नाहीत.

दोघींचा फोटो काढणार कोण? तिसरं कुणी नव्हतं तिथे.

निघते.

२१ मार्च

बोटं वल्ह्याभोवतीच वळून बसलीत, अक्षर वेडंवाकडं येईल.

काल परत भूशिर ओलांडलं, यावेळी वारा तोंडावर. किती वेळ लागला माहीत नाही. टोकाच्या अलीकडे, कड्याच्या अगदी जवळ, त्या दोघी दिसल्या. खारू तिच्या होडीत पालथी पडलेली, हात कानवालीच्या होडीच्या दोरीत अडकवलेले. कानवाली एका हाताने तिला धरून दुसऱ्या हाताने वल्हं मारत होती, फक्त खडकापासून लांब राहण्यापुरतं. तीन तासांहून जास्त. तिच्या तळव्यांची साल निघालीये.

खारू तोवर दोनदा उलटली होती. दोन्ही वेळा त्या पोरीने तिला पाण्यातून वर घेतलं.

मला बघून कानवाली एवढंच म्हणाली, "हिला धर. मी ओढते." मी खारूच्या डावीकडे होडी लावली, तिला घट्ट धरलं. कानवालीने पुढे दोर बांधला आणि आमच्या दोन्ही होड्या ओढल्या, सकाळी जिथून निघालो तिथपर्यंत. मी खारूच्या कानाशी काय काय बडबडत होते. तिला काही ऐकू येत नव्हतं. "त्या कानात नको," ती म्हणाली. "तो गेला."

संध्याकाळी तंबूत सगळं सांगितलं तिने. सात महिने झाले. डाव्या कानाचा आजार आहे. ऐकू येणं कमी होत गेलं आणि मधूनच जग गरगर फिरायला लागतं, उलट्या होतात, वर कुठे आणि खाली कुठे कळत नाही. तपासायला गेली तिथे ही भेटली. जमिनीवर औषधांनी आटोक्यात होतं. समुद्रात जाऊ नको, असं तिला हिनेच बजावलं होतं, आणि ती जाणारच हे दिसल्यावर ही सोबत आली.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू मोहीम रद्द केली असतीस."

"केलीच असती."

"म्हणून. मला एकदा तुझ्याबरोबर जायचं होतं, पूर्ण." मग डोळे मिटून म्हणाली, "आणि पुढच्या वर्षी तू एकटी जाशील. तुला मी ओळखते, कुणालाही न सांगता जाशील. म्हणून हिला आणली. तुझी गट्टी जमली असती तर मी निवांत झाले असते."

मी तिचे पाय चोळत होते. पाय बर्फ झाले होते.

"तू फार पुढे होतीस," ती म्हणाली. "तुला दिसलोच नसणार आम्ही."

"नाही दिसलात," मी म्हटलं.

कानवाली बाहेर चहा उकळत होती. तंबूचं कापड पातळ आहे. मीच निवडलं होतं.

२२ मार्च

भाऊजी जीप घेऊन कच्च्या रस्त्याने खाली आले. बायकोला बघून आधी रडले, मग आम्हा तिघींना मिळून एवढं बोलले की मला बरंच वाटलं. कुणीतरी बोलायला हवंच होतं. शेवटी खारू म्हणाली, "झालं का? आता मला गाडीत बसवा, आणि सावकाश चालवा. वळणावर ओकेन मी."

मी म्हटलं, मीही येते. मोहीम संपली.

"अजिबात नाही. तुम्ही दोघी दीपगृहापर्यंत जायचं. मी तिथे येईन."

"मला नाही जायचं तिच्याबरोबर."

"तिला तर कुठे जायचंय तुझ्याबरोबर?" खारू म्हणाली. "पण जाईल ती."

काच वर करायच्या आधी तिने शेंगदाण्यांची पुडी बाहेर काढली. मी हात पुढे केला. तिने पुडी कानवालीला दिली, म्हणाली, "हिला उपाशी राहायची सवय आहे. आठवणीने दे."

म्हणजे माझ्यासाठीच. तरी पुडी तिच्या हातात. कालचं सगळं घडून गेल्यावरही मला एवढंच दिसलं. कमाल आहे माझी.

२४ मार्च

काल भूशिर पार केलं. कानवालीच्या हातांना पट्ट्या बांधून. तिला सांगत गेले, ही परतीची लाट, हिच्यावर वल्हं टेकू नको, ही जाऊ दे, आता मार. शिकते पटकन. टोकाच्या पलीकडे त्याच वाळूवर उतरलो. तिने शेंगदाणे मोजून दिले, दहा मला, दहा स्वतःला.

आज अठ्ठावीस किलोमीटर केले. दुपारी एका खाडीच्या तोंडाशी थांबलो तेव्हा मला राहवेना. म्हटलं, "त्या दिवशी मी..."

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "तू बघितलंस. मग तोंड फिरवलंस. पाचशे मीटर काही फार नसतं."

"खारूला सांगितलंस?"

"नाही."

"का?"

"ते मी का सांगू? तुझं आहे ते." तिने हातावरची पट्टी सोडून परत बांधली. "मला तुझा राग आहे. अजून आहे. रोज सकाळी वाटतं आज जाईल, जात नाही. पण एकटीने हा किनारा मला जमणार नाही, आणि तिला मी शब्द दिलाय."

मी म्हटलं, "पट्टी उलटी बांधतेस. दे इकडे." तिने हात दिला.

मग वल्हवताना लक्षात आलं. इतके दिवस त्या दोघींचं गुपित मला टोचत होतं. आता आम्हा दोघींचं एक गुपित आहे आणि खारू बाहेर आहे. मला हेच हवं होतं ना, की कुणीतरी बाहेर असावं आणि ती मी नसावी?

२६ मार्च

एका गावात फोन लागला. धक्क्याच्या टोकाला उभी राहून केला. भाऊजींनी उचलला. म्हटलं, उजव्या कानाला द्या.

तिने आधी हातांची चौकशी केली. माझ्या नाही, कानवालीच्या. ती बरी आहे म्हटलं. मग सांगितलं. एका दमात, मधे तिला बोलू न देता. वल्हं उभं बघितलं, कळलं, आणि वाटलं तुम्ही दोघी फोटो काढताय. तेही खरं नाही. वाटावं असं मी ठरवलं.

पलीकडे रेडिओ लागला होता, तो तिने बंद करायला लावला.

"किती वेळ बघत होतीस?" तिने विचारलं.

"थोडाच."

"किती?"

"दहा-बारा वल्ही मारेपर्यंत."

"दहा की बारा?"

"बारा."

"मोजलीस म्हणजे," खारू म्हणाली, आणि फोन ठेवला.

परत लावला. भाऊजी म्हणाले, ती झोपली. ती दुपारची कधी झोपत नाही.

किनाऱ्यावर आले तेव्हा कानवाली चूल पेटवत होती. तिने स्वयंपाक केला, मीठ विसरली, मी खाल्लं.

२७ मार्च

तेवीस किलोमीटर. डोळ्यांत वारा. उद्या दीपगृह. खारू येणार नाही असं धरून चाललेय. आली तर काय बोलायचं ते दिवसभर जुळवत होते, उसवत होते. कानवाली मधेच म्हणाली, "मोठ्याने बोलतेयस तू."

आज ती माझ्या डावीकडे होती. मी तिला तसं सांगितलं नव्हतं. खारूच्या जागेवर, मधे, मी होते.

२८ मार्च

पोचलो. सव्वाअकरा वाजता. तीनशे दहा किलोमीटर.

दीपगृहाखाली सिमेंटचा उतार आहे. तिथे चार-पाच माणसं उभी होती. कानवालीचे वडील हात हलवत होते. दीपगृहाचा रखवालदार होता, त्याचा कुत्रा होता. आणि कठड्याला धरून, हिरवी टोपी घालून, खारू होती. शेजारी भाऊजी, ती पडली तर झेलायच्या तयारीत.

मला वल्हवायचंच सुचेना. कानवाली म्हणाली, "चल ना, लाट नेईल खडकावर." ती पुढे, मी मागे, अशा उतारावर लागलो.

खारू कठडा सोडून सावकाश खाली आली. एकेक पाऊल टाकत, नजर जमिनीवर ठेवून. माझ्यासमोरूनच गेली. माझ्याकडे बघितलं नाही. कानवालीचे दोन्ही हात धरून तळवे वर केले, निरखून बघितले, आणि मग तिला जवळ घेतलं. किती वेळ. त्या पोरीला रडू फुटलं, नऊ दिवस दाबून ठेवलेलं. खारू तिच्या केसांतून हात फिरवत होती आणि काहीतरी पुटपुटत होती. मला ऐकू आलं नाही.

आणि मला परत तेच टोचलं. अगदी तेच, पहिल्या दिवशी नकाशा पसरला होता तेव्हाचं. इतकं सगळं होऊन, इतकी लाज वाटून, कबुली देऊन, ते जागच्या जागी होतं. मला वाटलं होतं ते भूशिराशी बुडालं असेल.

यावेळी मात्र मी तोंड फिरवलं नाही. बघत राहिले. लाटेने सरकू नये म्हणून दोन्ही होड्या धरल्या, गुडघाभर पाण्यात, आणि माझी पाळी येते का ते बघत उभी राहिले.

बऱ्याच वेळाने खारू वळली. हिरवी टोपी नीट केली.

"तुझ्यावर मी किती चिडलेय माहितीये?" ती म्हणाली.

"माहितीये."

"वर्षभर पुरेल."

"पुरू दे."

"मग उभी काय राहिलीस? इकडे ये, मला वर चढायला आधार हवाय." आणि मी डावीकडून पुढे झाले तशी म्हणाली, "त्या बाजूने नको. मला तुझं ऐकायचंय सगळं. परत पहिल्यापासून."

कानवालीने माझ्या हातातून होड्या घेतल्या. मी उजवीकडे गेले.